बाहेरून कडी

"भाऊजी, यांनी विडी सोडायचं ठरवलंय. डॉक्टरनं लई भ्या घातलंय. आता तुमीच काय तरी बघा," माझ्या मित्राची बायको मला दारातच म्हणाली. बोलताना तिचे हात थांबले नव्हते. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखूचा ढीग, दुसऱ्या बाजूला मापानं कापलेली तेंदूची पानं. पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा आणि तयार विडी बाजूला टाकायची. शेजारी त्याची आई तेच करत होती, जरा सावकाश. नवरा विडी सोडतोय हे मला सांगून होईपर्यंत त्या बाईनं तीन विड्या वळल्या होत्या.

सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. पुरुष कापडाच्या कारखान्यात, बायका घरी विडीला. माझ्या मित्राचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दिवसभर विड्या वळल्या जायच्या, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि रात्री दोन्हीकडे अंथरुणं. त्या घरातली कुठलीही वस्तू उचला, उशी, टॉवेल, पोरांच्या वह्या, सगळ्याला तंबाखूचा वास. लहानपणी मी त्याच्याकडे खेळून घरी गेलो की माझी आई आधी शर्ट काढायला लावायची.

आम्ही पाचवीपासूनचे मित्र. तो तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचा, मी माढ्याकडून शहरात आलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क झालो. तो टॉवेलच्या कारखान्यात जॉबर झाला, म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारा. मागाचा नुसता आवाज ऐकून तो कुठला भाग सैल झालाय ते सांगायचा. पहिली विडी त्यानं चौदाव्या वर्षी ओढली होती, आईच्याच सुपातली. तिथं ती उचलायला कुणाला विचारावं लागत नव्हतं आणि एक कमी झाली तर कळतही नव्हतं.

डॉक्टरनं त्याला नळीत फुंकायला लावलं होतं. मशीनवरचा आकडा बघून डॉक्टर म्हणाला होता, जे गेलंय ते परत येणार नाही, जे राहिलंय ते तरी ठेव. हे त्यानं मला चहाच्या गाड्यावर सांगितलं. सांगताना खोकला आला आणि त्याला खांबाला धरून उभं राहावं लागलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, पण जिना चढला की म्हातारा दिसायचा.

"सोडतो बे. पाडव्यापास्नं बंद," तो म्हणाला.

मला वाटलं, आपण काहीतरी द्यायला पाहिजे. नुसतं 'शाब्बास' म्हणून चालणार नाही. मी मोबाईलवर बरंच वाचलं आणि एक मोठी कापडी पिशवी भरली. भाजलेली बडीशेप, लवंगा, वेलदोडे, आवळ्याची सुपारी, आणि न सोललेल्या शेंगा दोन किलो, का तर टरफलं फोडण्यात हात गुंततील. महिनाभर पुरेल असा माझा हिशेब होता. पाडव्याला सकाळी त्याच्या घरी देऊन आलो. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"संपलं."

"काय संपलं?"

"समदं. पोट बिघडलंय. आता काय करू सांग."

संध्याकाळी मी गेलो तर तो पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. आई आणि बायको समोर वळत होत्या. त्याची नजर त्यांच्या बोटांवर होती. हलत नव्हती. मला बघून तो उठून बाहेर आला आणि म्हणाला, "कारखान्यात काय वाटत न्हाय बघ. तितं सवयच हाय." ते खरं होतं. मागांच्या शेडमध्ये सगळीकडे सुताची पिंज उडत असते, एक ठिणगी पुरे, म्हणून आत विडी ओढायला बंदी. पंचवीस वर्षं तो आठ-आठ तास विडीशिवाय काढत आला होता. त्याचं सगळं अडायचं ते चार वाजता पाळी सुटल्यावर. "चार ते सात. सात वाजता आई आवरती, सूप उचलती. तवर मी कुटं जाऊ? गल्लीत बसलो तर दहा जण विडी पुढं करत्यात. घरात बसलो तर हे असं."

बायकोला वळणं बंद कर म्हणायची सोय नव्हती. तिच्या त्या कामावर पोरांची फी आणि घराचा किराणा चालायचा. तिलाही ते कळत होतं. एकदा ती सूप घेऊन मागच्या खोलीत चुलीजवळ जाऊन बसली, पण दोन खोल्यांच्या घरात वास कुठं थांबतो?

तेव्हा मला माझ्या गच्चीवरची खोली आठवली. पाण्याच्या टाकीशेजारी आठ बाय दहाची, वर पत्रे, जुनं लाकडी दार, आत मोडकी खाट आणि जुन्या वह्यांची पोती. मी एका रविवारी ती रिकामी केली. चुना मारला. चटई टाकली, माठ ठेवला, टेबलफॅन लावला. खिडकीला जुनी साडी कापून पडदा केला. मुलीनं विचारलं, "बाबा, कोण राहायला येणारे?" मी म्हटलं, "कुणी नाही. एकाला बसायला." खोलीला कुलूप होतं, त्याची एक किल्ली मी नवीन करून घेतली आणि बांगड्यांच्या रिकाम्या डबीत घालून त्याच्या हातात दिली.

त्यानं डबी उघडली. किल्लीकडे बराच वेळ बघत बसला.

"पाळी सुटली की सरळ तिकडं यायचं," मी सांगितलं. "सातपर्यंत बस. झोप, गाणी ऐक, काहीही कर. तिथं तंबाखूचा कणसुद्धा नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो असा रडणारा माणूस नव्हता, म्हणून मी दुसरीकडे बघितलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, हेही सांगून टाकतो. आयुष्यात मी कुणाला इतकी विचार करून भेट दिली नव्हती.

पहिल्या दिवशी तो आला, खोली बघितली, खिडकीतून खाली बघितलं. कोपऱ्यावर पानटपरी दिसत होती. त्यानं किल्ली माझ्या हातात परत ठेवली.

"ही तुझ्याकडं राहू दे. तू बाहेरून कडी लाव."

"अरे येडा आहेस का?"

"नुसता बसलो तर पाच मिन्टात खाली उतरतो मी. मला म्हाईत हाय माझं. कडी लाव. मी बोंबललो तरी सातच्या आत काढू नगंस. शपथ घे."

मी हसत शपथ घेतली. त्या हसण्याचा मला पुढं फार पस्तावा झाला.

कॉलेजचं ऑफिस सकाळचं असल्यामुळे मी तीनला घरी यायचो. साडेचारला तो यायचा, चप्पल जिन्यात काढायचा, खाली मान घालून आत जायचा. मी कडी लावायचो. लोखंडी कडी कोयंड्यात पडली की जो आवाज व्हायचा, तो मला आवडेनासा झाला. पहिले दोन दिवस तो शांत होता. तिसऱ्या दिवसापासून पावलं वाजायला लागली. चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे. मग खोकला. मग भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज. मी खाली जाऊ शकत नव्हतो. माणसाला कोंडून खाली टीव्ही कसा बघायचा? म्हणून मी गच्चीवरच, दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायचो. एप्रिलचं ऊन, पायरी तापलेली. बाजार नाही, फिरणं नाही, मुलीचा अभ्यास नाही. साडेचार ते सात मी त्या पायरीवर.

"तुम्ही माणसाला डांबून ठेवताय, कळतंय का?" माझी बायको चिडली. "काही झालं तर पोलीस आपल्या दारात येतील."

"त्यानंच सांगितलंय."

"त्यानं सांगितलं म्हणून तुम्ही करणार?"

शेजारच्या काकूंनी गच्चीवर वाळवण काढताना विचारलं, कोण ठोकतंय हो? मी सुतार आलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, किती दिवस चालणार काम? मी म्हटलं, बघू.

सहाव्या दिवशी त्यानं दार वाजवलं. आधी हळू, मग जोरात.

"ए, काढ. पाणी संपलंय."

"माठ सकाळीच भरलाय मी."

मग दाराच्या फटीला तोंड लावून तो बोलायला लागला. एरवी त्याचा आवाज इतका बारीक नव्हता. "ऐक की. एकच. अर्धी वडून येतो, लगेच परत येतो. आईची आण. तू बरोबर चल पायजे तर. मालक, ऐका की राव."

मला तो कधी 'मालक' म्हणायचा नाही. परक्याला म्हणतात तसं म्हणाला. मी कडीवर हात ठेवला, उचलला, परत ठेवला. काढली असती तर त्याचे इतके दिवस वाया गेले असते. नाही काढली तर मी कोण होतो? मी काढली नाही. मग त्यानं मला शिव्या घातल्या. माझ्या नोकरीवरून, माझ्या जमिनीवरून, शाळेत मी त्याच्या वहीतून उत्तरं उतरवायचो त्यावरून. "तुला मजा वाटती बे, दुसऱ्याला असं बघायला," असं म्हणून तो दारावर लाथ मारून थांबला. सातला मी दार उघडलं. तो चप्पल घालून निघून गेला. उद्या येणार नाही असं मला वाटलं. खरं सांगायचं तर येऊ नये असंच वाटलं. पण साडेचारला जिन्यात पावलं वाजली.

ही भेट मला परत घेता येत नव्हती. तो मोकळा होईपर्यंत मलाही त्या पायरीवरून सुटका नव्हती, आणि हे मी कुणाला बोलूनही दाखवू शकत नव्हतो, कारण खोली माझी, कल्पना माझी, मोठेपणा माझा.

आणखी एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती. मी मावा खायचो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून चोळायचा, ओला झाला की गालात धरायचा. सोलापुरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. ऑफिसला लागल्यापासून लागलेली सवय. मुलगी झाली तेव्हा बायकोला सोडला म्हणून सांगितलं होतं आणि तिनं विश्वास ठेवला होता. खाताना मी बडीशेप बरोबर खायचो, घरी यायच्या आधी चूळ भरायचो. पायरीवर बसून त्याचं ऐकायचं तर माझ्यानं नुसतं बसवत नव्हतं. त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या की मी खिशातली पुडी काढायचो, पाठ दाराकडे करायचो आणि अगदी हळू, आवाज होऊ न देता चोळायचो. दाराच्या आत तो तळमळत होता आणि दाराच्या बाहेर मी गाल भरून बसलो होतो. मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखी एक पुडी लागायची.

अठरावा दिवस असेल. बायको आणि मुलगी मोडनिंबला मेहुणीच्या घरी जावळाला गेल्या होत्या. मी त्याला नेहमीसारखं आत घातलं, कडी लावली आणि पायरीवर टेकतोय तोच ऑफिसातून फोन आला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा मोजणीत कमी भरत होता. सकाळी गठ्ठे मी बांधले होते. लगेच या.

मी दाराशी जाऊन सांगितलं. "अर्ध्या तासात येतो. की काढू कडी?"

आतून आवाज आला, "जा की. मी काय पळून जातो व्हय?"

कडी काढायला हवी होती. मी काढली नाही. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता.

ऑफिसात साहेब लाल झाले होते. आम्हा पाच जणांना त्यांनी परीक्षेच्या खोलीत घेतलं, मोबाईल टेबलावर एका ट्रेमध्ये काढून ठेवायला लावले आणि सांगितलं, गठ्ठा सापडेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. शिपायाला दारावर उभं केलं. आम्ही कपाटं रिकामी केली. पुन्हा मोजलं. पुन्हा कमी. साडेपाच झाले. मी म्हटलं, "सर, मला घरी दहा मिनिटं जाऊन यायचंय, अगदी गरजेचं आहे."

"काय गरजेचं?"

काय सांगणार? घरी एक माणूस कोंडून ठेवलाय म्हणून? मी म्हटलं, "घरी आजारी माणूस आहे."

"बायको आहे ना घरी? फोन करून सांगा तिला. इथूनच, माझ्यासमोर."

मी पुन्हा कागद मोजायला घेतले. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू गठ्ठा माझ्याच घरी आहे. तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले. खिडक्या बंद होत्या, पाच जणांच्या घामाचा वास खोलीत भरला, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. माझ्या गच्चीवरचा पंखाही थांबला असणार. दिवसभर तापलेले पत्रे, खिडकी एक, आत दमेकरी माणूस. माझ्या हातातले कागद ओले झाले. मी आकडे म्हणत होतो आणि मला त्याचा खोकला ऐकू येत होता. उठून शिपायाला ढकलून जावं असं दहा वेळा वाटलं. मी उठलो नाही. नोकरीला मी किती घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सात वाजून गेल्यावर गठ्ठा सापडला. दुसऱ्या विषयाच्या गठ्ठ्यात चुकून बांधला गेला होता आणि तो दुसराही मीच बांधला होता. साहेब काय बोलले ते मी ऐकलंच नाही. ट्रेमधून मोबाईल उचलला. त्याचा एकही फोन आला नव्हता. त्यामुळे मी अजूनच घाबरलो. गाडी कशी चालवली देव जाणे. तिन्हीसांज झाली होती, गल्लीत अजून लाईट नव्हती. मी एकेका ढांगेत दोन-दोन पायऱ्या चढलो आणि वरच्या पायरीवर थांबलो.

दार नव्हतं.

म्हणजे कडी कोयंड्यात तशीच होती, पण दार बिजागरीकडून सुटून तिरकं भिंतीला टेकलं होतं. आत मोबाईलची बॅटरी लावून तो उघड्या अंगानं चटईवर बसला होता. मांडीवर एक बिजागरी, हातात पक्कड.

"आलास व्हय," तो वर न बघता म्हणाला. "हितल्या खिळी लई गंजल्यात. खोबरेल तेल हाय का घरात?"

मी तिथंच बसलो. नंतर त्यानं सांगितलं. लाईट गेल्यावर त्याचा जीव घाबरला. त्यानं हाका मारल्या, कुणी आलं नाही; मला फोन करायचं त्याला सुचलंच नाही. मग बिजागरीवर बोट फिरवलं. जॉबरच्या खिशात पेचकस आणि पक्कड कायम असते. खालून ठोकून त्यानं बिजागऱ्यांच्या खिळी वर काढल्या आणि त्या बाजूनं दार उचकटलं. पाच मिनिटांचं काम.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला बाहेर येता येत होतं?"

"मग? असलं दार मला काय अडवतंय व्हय?"

"मग आलास का नाहीस?"

त्यानं खांदे उडवले. "ध्यानातच आलं न्हाय. कडी लावली म्हणलं की माणूस कडीकडंच बघत बसतो."

"आणि आज? खाली गेला नाहीस?"

"गेलो की. टपरीपतूर गेलो. पैसे पण काडलं. मग म्हणलं, त्याचं घर मोकळं, वर दार सताड उघडं पडलंय, कोण चढून गेलं तर? दार तरी बसवून येऊ. म्हणून परत आलो. बिजागरी बघतो तर ही अशी वाकडी." त्यानं ती उजेडात धरून दाखवली. "ठोकून सरळ करत बसलो. किती वाजलं आता?"

"साडेसात."

"बघ," तो म्हणाला. इतकंच. पण त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याच्याकडे बघवेना.

मी खाली जाऊन तेल आणलं. आम्ही दोघांनी मिळून दार बसवायला घेतलं. मी दार धरून उभा होतो, तो खिळी घालत होता. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं तेव्हा तो सहज म्हणाला, "मावा कमी कर बे."

मी दार जरा वर उचलून धरलं.

"रोज ऐकू यायचं मला. तू चोळत बसायचास ते. कागद वाजतो की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी बाहेर बसलायस, म्हणलं. तू बी उठून गेला असतास तर?"

मी दार धरून उभाच होतो. मला शिव्या घालताना त्यानं माझं सगळं काढलं होतं, जमीन, नोकरी, शाळेतल्या वह्या. हे मात्र त्यानं काढलं नव्हतं.

दार बसवून झाल्यावर त्यानं कडी बाहेरून उपसली आणि आतल्या बाजूला लावली. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः आत जाऊन स्वतः कडी लावायला लागला. येताना कारखान्यातून काहीबाही घेऊन यायचा, बिघडलेली मोटर, मागाचा तुटका धोटा, कुणाचा तरी पंखा, आणि सातपर्यंत उघडून बसायचा. मी पायरीवरून सुटलो. पहिल्या संध्याकाळी बाजारात जाऊन मी अर्धा तास नुसता भाजीवाल्यांमधून फिरलो. हातात पिशवी होती, पण घेतलं काही नाही.

मध्ये एकदा तो घसरला. श्रावणात कुणाच्या तरी दहाव्याला गेला आणि तिथं दोन विड्या ओढून आला. स्वतःच येऊन सांगितलं आणि तीन दिवस माझ्याशी नजर मिळवली नाही. मग पुन्हा पहिल्या दिवसापासून सोडायला घेतली. दिवाळीपर्यंत खोकला कमी झाला. त्याची आई मला तेलुगूत लाडानं 'नायना', म्हणजे बाळा, म्हणते. ती माझा हात धरून म्हणाली, "नायना, आता रात्री जोपतो." तिच्या हाताला तंबाखूचा वास होता. ती आणि सून अजून विड्या वळतात. तो त्यांच्या शेजारी बसून जेवतो, पण नजर ताटात ठेवून.

वर्षानं डॉक्टरनं त्याला पुन्हा फुंकायला बोलावलं. मी बरोबर गेलो. आकडा वाढला नव्हता, पण खालीही गेला नव्हता. डॉक्टर खूश झाला. तो कागद लिहीत असताना माझा मित्र म्हणाला, "डॉक्टर, याचं तोंड बघा जरा. परवा पाणीपुरी अर्धी करून खात हुता."

मी नाही नाही म्हणत होतो. डॉक्टरनं बोटं एकावर एक धरून दाखवली आणि सांगितलं, "तोंड पूर्ण उघडा, अशी तीन बोटं आत गेली पाहिजेत." माझी दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. मी जोर लावला, जबडा दुखला, पण दात बाजूला झाले नाहीत. गालाच्या आत त्यानं बॅटरी मारली आणि म्हणाला, आत पांढरे पट्टे धरलेत, कातडं आखडलंय, सुपारीनं होतं हे. आता बंद केलं तर इथंच थांबेल. पूर्वीसारखं उघडेल याची खात्री नाही.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. ती उठून आत गेली. मग स्वयंपाकघरातून म्हणाली, "चौदा वर्षं खोटं बोललात." जेवण वाढलं, पण त्या दिवशी आणि नंतर बरेच दिवस ती माझ्या समोर बसून जेवली नाही.

मावा बंद करून आता अकरा महिने झाले. पहिल्या महिन्यात मी ऑफिसात कुणाशीही भांडत होतो, आणि त्या सहाव्या दिवशी दाराच्या फटीतून त्याचा आवाज तसा का आला होता ते मला कळलं. डॉक्टरनं व्यायाम दिलाय. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, पाच मिनिटं ठेवायच्या, आठवड्यानं एक काडी वाढवायची. रविवारी माझा मित्र येतो, समोर बसतो आणि घड्याळ बघतो. तोंडात काड्या असल्यामुळे मला बोलता येत नाही, तोच बोलतो, मागांचं, पोरांचं. सुरुवातीला माझ्या सोळा काड्या बसायच्या. आता एकोणीस बसतात. विसावी गेले दोन महिने बसत नाही. तो दर रविवारी ती हातात तयार धरून बसतो, मी मानेनं नाही म्हणतो, मग तो ती खिशात ठेवून चहा मागतो.